देवगडच्या आंबा शेडमधील जेटडायरेक्ट ३००एक्स: टेलनेटवरून सांभाळलेले दोन हंगाम

देवगड तालुक्यात किनाऱ्यालगत असलेल्या एका आंबा पॅकिंग शेडमधील संगणकांची देखभाल मी करतो, आणि माझे बिऱ्हाड रत्नागिरीला असल्यामुळे ही देखभाल बहुतांशी दुरूनच करावी लागते. या शेडमध्ये दोन हंगाम वापरलेल्या एचपी जेटडायरेक्ट ३००एक्स या जुन्या प्रिंट सर्व्हरविषयी (प्रिंटरला नेटवर्कशी जोडणाऱ्या पेटीविषयी), आणि विशेषतः टेलनेटवरून, म्हणजे यंत्राशी नेटवर्कवरून अक्षरांत बोलण्याच्या जुन्या पद्धतीने, आज्ञा देऊन त्याच्या सेटिंग्ज बदलण्याच्या सोयीविषयी, हे परीक्षण आहे. आज्ञा अर्थातच रोमी लिपीत टाइप कराव्या लागतात. येथे त्यांचा उच्चार देवनागरीत दिला आहे.

आधी हे सांगितले पाहिजे की, लेझर प्रिंटर सर्वत्र मिळत असताना अशा शेडला जुन्या डॉट मॅट्रिक्सची गरज का पडते. मार्च ते मे या काळात रोज संध्याकाळी हापूसच्या पेट्या टेम्पोत चढतात आणि रात्रीतून वाशीच्या बाजाराकडे निघतात. प्रत्येक गाडीबरोबर मेमो जातो, आणि त्याच्या तीन प्रती लागतात: एक चालकाकडे, एक दलालाकडे आणि एक शेडच्या फाइलीत. या तिन्ही प्रती एकाच वेळी, एकाच ठशातून उमटलेल्या असल्या म्हणजे पुढे पेट्यांच्या संख्येवरून वाद झाला तर कोणाला बोट दाखवायला जागा राहत नाही. कार्बनच्या कागदावर पिनांनी ठोकून तीन प्रती काढणे हे काम लेझर किंवा इंकजेटला जमत नाही, कारण ती यंत्रे कागदाला ठोकतच नाहीत. त्यामुळे नऊ पिनांचा, रुंद कागदाचा जुना प्रिंटर शेडमध्ये मानाने टिकून आहे. अडचण एवढीच की त्याला फक्त पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरांची रुंद केबल लावायची जागा) आहे आणि नव्या संगणकांना तो नाही. यूएसबीची जोडकेबल लावून काम चालले, पण त्यामुळे प्रिंटर एकाच संगणकाला बांधला गेला आणि वजनकाट्याजवळ बसणाऱ्या माणसाला प्रत्येक मेमोसाठी उठून हिशेबाच्या टेबलापाशी यावे लागू लागले.

जेटडायरेक्ट ३००एक्स ही हातात मावणारी पेटी आहे. तिच्या एका अंगाला पॅरलल पोर्ट असतो आणि दुसरीकडे १०/१०० एमबीपीएस वेगाची नेटवर्कची केबल लावता येते. प्रिंटर पेटीला जोडला आणि पेटी राउटरला जोडली की शेडमधील कोणत्याही संगणकावरून छापता येते. याच मालिकेतील ५००एक्सला तीन पॅरलल पोर्ट असतात. आमच्याकडे प्रिंटर एकच असल्यामुळे ३००एक्स पुरला. तो मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालाच्या दुकानातून बाराशे रुपयांना घेतला. ही पेटी आता नवी मिळत नाही, आणि या परीक्षणातील कौतुक व तक्रार दोन्ही जुन्या मालाविषयी आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पेटीच्या मागे एक छोटे बटण असते. ते दाबले की प्रिंटरवर पेटीच्या सर्व सेटिंग्जचे पान छापून येते, आणि त्यावर पेटीचा हार्डवेअर पत्ता, चालू आयपी पत्ता (नेटवर्कवर तिला ओळखण्याचा आकडा) आणि तो पत्ता कोठून आला, डीएचसीपीकडून (नेटवर्कवर आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीकडून) की वापरणाऱ्याने दिला, हे स्पष्ट लिहिलेले असते. पडदा नसलेल्या यंत्राने आपली माहिती स्वतःच कागदावर लिहून द्यावी, ही कल्पना मला फार आवडली. तेच बटण दाबून ठेवून वीज जोडली तर पेटी मूळ अवस्थेत परतते. जुना माल घेतल्यावर पहिले काम हेच करावे, कारण आधीच्या मालकाचा पासवर्ड आत असेल तर टेलनेट तुम्हाला दारातूनच परत पाठवेल.

मूळ अवस्थेत आणल्यावर पेटीला नेटवर्कवरून पत्ता मिळाला नाही, तर ती १९२.०.०.१९२ हा जुना ठरलेला पत्ता धरून बसते. हा पत्ता शेडच्या १९२.१६८ने सुरू होणाऱ्या जाळ्यात बसत नसल्यामुळे संगणकाला ती दिसत नाही, आणि येथे पुष्कळ जण पेटी बिघडली असे समजून तिला कपाटात टाकतात. वास्तविक संगणकावर 'रूट ॲड' या आज्ञेने त्या एका पत्त्याची वाट स्वतःच्या नेटवर्क कार्डाकडे वळवली की पुढचे सरळ होते. विंडोज व्हिस्टापासून टेलनेट हा प्रोग्रॅम मुळातच बंद ठेवलेला असतो. 'विंडोज फीचर्स' या यादीत जाऊन त्यावर खूण करावी लागते. ज्यांना तो खटाटोप नको त्यांनी टेलनेटसाठी पुटी हा वेगळा प्रोग्रॅम वापरावा.

टेलनेटने जोडल्यावर पेटी आपले नाव सांगते, पासवर्ड ठेवलेला नाही अशी जाणीव करून देते आणि एक टोकदार कंस दाखवून थांबते. प्रश्नचिन्ह टाइप केले की आज्ञांची यादी येते, तिरकी रेघ टाइप केली की चालू सेटिंग्ज दिसतात. आज्ञेची रचना एकच आहे: सेटिंगचे नाव, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे, आणि मग मूल्य. 'आयपी' म्हणजे पत्ता, 'सबनेट-मास्क' म्हणजे जाळ्याची व्याप्ती, 'डिफॉल्ट-जीडब्ल्यू' म्हणजे राउटरचा पत्ता, आणि 'डीएचसीपी-कॉन्फिग'पुढे शून्य लिहिले की पेटी पत्ता मागत फिरणे थांबवते. शेडमध्ये मी पेटीला १९२.१६८.१.५० हा कायमचा पत्ता दिला आणि राउटरच्या डीएचसीपी वाटपातून तो वगळला. ज्या यंत्राकडे सगळे काम मागायला येतात त्याचा पत्ता रोज बदलता कामा नये.

पहिल्या दिवशी या सगळ्यात माझा एक तास वाया गेला, आणि त्याचा दोष सर्वस्वी माझा होता. सेटिंग्ज भरून झाल्यावर मी सवयीने 'एक्झिट' टाइप केले, बाहेर पडलो, पेटी बंद करून चालू केली, आणि पाहतो तो पुन्हा तोच १९२.०.०.१९२ हा पत्ता. दुसऱ्यांदा केले तरी तेच. तिसऱ्या वेळी मी मदतीची यादी शेवटपर्यंत वाचली, तेव्हा शेवटच्या ओळींत स्वच्छ लिहिलेले आढळले की या पेटीच्या भाषेत 'क्विट' म्हणजे जतन करून बाहेर पडणे आणि 'एक्झिट' म्हणजे जतन न करता निघून जाणे. इंग्रजीत या दोन शब्दांत असा भेद कोणी करत असेल असे मला वाटत नाही, पण यंत्राने तो केला आहे आणि लिहूनही ठेवला आहे. याच मालिकेतील नंतरच्या काही पेट्या 'एक्झिट' म्हटल्यावर जतन करू का असे विचारतात, म्हणून आपल्या पेटीची यादी वाचल्याखेरीज बाहेर पडू नये.

यापुढचा भाग माझ्या मते या उत्पादनाचा खरा कस लावणारा आहे. गेल्या वर्षी मेच्या अखेरीस वळवाचा पाऊस विजांसह आला आणि शेडमधील इंटरनेटचा राउटर जळाला. सेवा देणाऱ्या कंपनीच्या माणसाने दुसऱ्या दिवशी दुपारी नवा राउटर बसवला, इंटरनेट सुरू झाल्याचे मोबाइलवर दाखवले आणि तो निघून गेला. संध्याकाळी हिशेब पाहणाऱ्या तात्यांचा फोन आला, "अरे, प्रिंटर मेलो. गाडी सुटाच्या आदी मेमो व्हयो." प्रिंटर अर्थातच मेला नव्हता. नवा राउटर १९२.१६८.० या जाळ्यातील पत्ते वाटत होता आणि पेटी मात्र १९२.१६८.१.५० या जुन्या पत्त्यावर, घर बदलल्याची वार्ता न मिळालेल्या माणसासारखी, वाट पाहत बसली होती.

शेडमध्ये मी रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक ठेवला आहे. तो वीज आली की स्वतःहून भाड्याच्या एका सर्व्हरकडे एसएसएचची (टेलनेटसारख्याच, पण कुलूपबंद पद्धतीची) उलटी, म्हणजे आतून बाहेर जाणारी, जोडणी उघडतो, त्यामुळे शेडच्या राउटरवर कोणतेही दार न उघडता मला रत्नागिरीहून त्याच्यापर्यंत पोचता येते. त्या संध्याकाळी मी मोबाइलवरूनच पायवर शिरलो, त्याच्या नेटवर्क कार्डाला त्याच्या नव्या पत्त्याबरोबरच १९२.१६८.१.९ हा जुन्या जाळ्यातील दुसरा पत्ता तात्पुरता दिला, आणि त्या पत्त्यावरून पेटीशी टेलनेट केले. पुढे फक्त तीन ओळी होत्या: नवा आयपी, नवा गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, आणि 'क्विट'. पत्ता बदलताच जुने संभाषण तुटले, ते तुटायलाच हवे होते, आणि मग नव्या पत्त्यावर पेटीने उत्तर दिले. दोन्ही संगणकांवरील प्रिंटरच्या पोर्टमध्ये नवा पत्ता भरणे तात्यांनी माझ्या सांगण्यावरून फोनवर केले. सगळे मिळून वीस मिनिटे गेली, त्यांतील पेटीची पाचसुद्धा नसतील. गाडी सुटली तेव्हा मेमोच्या तिन्ही प्रती तिच्याबरोबर होत्या.

येथे आज्ञांच्या ओळीचे मोल कळते. किनाऱ्यालगत पावसाळी संध्याकाळी मोबाइलचे नेटवर्क कधी एक काडी दाखवते, कधी तीही नाही. अशा वेळी दूरच्या संगणकाचा सबंध पडदा आपल्या पडद्यावर आणणारी साधने थिजून बसतात, माउसचा बाण एका जागेवरून दुसरीकडे पोचेपर्यंत माणसाचा धीर सुटतो. टेलनेट आणि एसएसएच यांतून फक्त अक्षरे ये-जा करतात. जोडणी मध्येच खुंटली तरी टाइप केलेली ओळ थोड्या वेळाने पलीकडे पोचते. या पेटीला ब्राउझरमधून उघडणारे पानही आहे, आणि शेडमध्ये बसून काम करताना ते सोयीचे वाटू शकेल. मला दुरून त्याची आठवण झाली नाही.

आता दुसरी बाजू. टेलनेटची प्रमाणप्रत १९८३ सालची आहे, आणि त्यात पासवर्डसकट प्रत्येक अक्षर उघड्या स्वरूपात तारेतून जाते. वाटेत कोणी ऐकत असेल तर त्याला सर्व वाचता येते. हेच उणे ओळखून फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केले, कारण त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्याचे उघडकीस आले होते. ३००एक्सला एसएसएच येत नाही. त्यामुळे ज्यांना राउटरवर तेविसावे पोर्ट, म्हणजे टेलनेटचे दार, उघडून बाहेरून थेट पेटीशी बोलण्याचा मोह होईल, त्यांना मी हात जोडून सांगेन की तसे करू नका. २०१६ मध्ये मिराई या नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते बाहेर उघड्या पडलेल्या टेलनेटवर कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरूनच. आमच्याकडे टेलनेट चालते ते पाय आणि पेटी यांच्यामधील दोन मीटरच्या केबलवर. रत्नागिरी ते देवगड ही सगळी वाट एसएसएचच्या कुलुपात असते. या मांडणीशिवाय मी पेटीची शिफारस करणार नाही.

त्याच्या जोडीला दोन गोष्टी पेटीतच कराव्यात. 'पासडब्ल्यूडी' या आज्ञेने पासवर्ड ठेवावा, आणि 'अलाउ' या आज्ञेने कोणत्या पत्त्यांना पेटीशी बोलण्याची मुभा आहे ते लिहावे. या यादीत दहा नोंदी मावतात, आणि एका नोंदीत मास्कसह सबंध जाळेही देता येते. मात्र घाईत चुकीचा पत्ता लिहिला तर आपणच आपल्याला बाहेर कोंडतो, आणि मग बटण दाबून मूळ अवस्थेत नेण्यासाठी कोणाला तरी शेडमध्ये पाठवावे लागते. वरच्या प्रसंगात माझे नशीब बलवत्तर होते, कारण तेव्हा मी ही यादी रिकामी ठेवली होती. जुन्या जाळ्याची नोंद असती तरी १९२.१६८.१.९ हा पत्ता तिच्यात बसलाच असता, पण फक्त दोन संगणकांचे पत्ते लिहिलेले असते तर रात्रीच्या एसटीचा शोध घ्यावा लागला असता. आता यादीत पायचे जुने व नवे दोन्ही पत्ते कायम आहेत.

'आयडल-टाइमआउट' या सेटिंगकडे सहसा कोणी पाहत नाही, पण जेथे वीज लहरी आहे तेथे ते महत्त्वाचे ठरते. छपाईची जोडणी शांत राहिली तर ती किती सेकंदांनी सोडून द्यायची हे त्यात ठरते, आणि मूळ आकडा २७० आहे, म्हणजे साडेचार मिनिटे. आमच्या एका संगणकाची बॅटरी थकलेली असल्यामुळे वीज गेली की तो छपाईच्या मध्येच बंद पडत असे. पेटी आणि प्रिंटर मात्र चांगल्या यूपीएसवर चालू राहत, आणि पेटी त्या गेलेल्या संगणकाची साडेचार मिनिटे वाट पाहत दुसऱ्याला दाद देत नसे. टेम्पो बाहेर उभा असताना साडेचार मिनिटे फार असतात. मी आकडा ९० केला आणि कुरकुर थांबली. शून्य लिहिले तर जोडणी कधीच सोडली जात नाही, म्हणून तो आकडा अशा ठिकाणी टाळावा.

छपाईसाठी पेटी ९१०० हे पोर्ट वापरते. विंडोजमध्ये 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून, प्रकार 'रॉ' ठेवून हा आकडा द्यायचा. तेथील 'एसएनएमपी स्टेटस' ही (प्रिंटरची स्थिती नेटवर्कवरून विचारत राहणारी) खूण मी काढून टाकली, कारण ती असताना प्रिंटर सुरू असूनही संगणक अधूनमधून तो 'ऑफलाइन' असल्याचे म्हणत असे. पायवरून 'नेटकॅट' या नेटवर्कवर मजकूर पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने ९१०० वर एक ओळ पाठवली की प्रिंटर ती ठोकून दाखवतो, आणि दोष पेटीचा की संगणकाचा हे फोनवर क्षणात ठरते; पलीकडून टरटर ऐकू आली की पेटी निर्दोष.

एक अपेक्षा मात्र पेटीकडून ठेवू नये. ९१०० वर आलेली अक्षरे ती जशीच्या तशी प्रिंटरकडे ढकलते, आणि आमच्या प्रिंटरच्या अंगच्या अक्षरांत देवनागरी नाही. बागायतदारांची नावे मराठीत छापायची तर ड्रायव्हर सबंध ओळीचे चित्र करून पाठवतो, आणि पिना ते ठिपक्याठिपक्याने काढतात. इंग्रजी मेमो जेवढ्या वेळात निघतो त्याच्या कितीतरी पट वेळ मराठीला लागतो. तात्यांनी यावर तोड काढली ती अशी की आकडे व गाडीचा नंबर इंग्रजी अक्षरांत आणि फक्त बागायतदाराचे नाव मराठीत. पेटीचा यात काही अपराध नाही, तरी कोकणात घेणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यावे.

खाऱ्या हवेविषयी थोडे. पहिल्या पावसाळ्यानंतर नेटवर्कच्या केबलच्या टोकावर हिरवट थर चढला आणि जोडणी जाऊ-येऊ लागली. पेटीच्या आतील पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, केबल बदलली आणि हंगाम संपला की पेटी काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवण्याचा रिवाज पाडला. सेटिंग्ज वीज नसतानाही तिच्या आत टिकून राहतात, त्यामुळे पुढच्या मार्चमध्ये डब्यातून काढून जोडली की ती जुन्याच पत्त्यावर उभी राहते.

पत्ता कायम, काम एका प्रिंटरचे आणि दुरून देखभाल करणारा माणूस उपलब्ध, अशा ठिकाणी ही पेटी अजून कामाची आहे. जेथे लेझर प्रिंटर पुरेसा आहे तेथे नेटवर्क अंगचेच असलेला प्रिंटर घ्यावा, या पेटीच्या वाटेला जाऊ नये. घेणारच असाल तर दुकानातच अॅडॉप्टरसह वीज जोडून दिवे पाहा, जमल्यास एखाद्या प्रिंटरला लावून बटणाचे पान छापून घ्या, आणि अॅडॉप्टर मूळचा नसेल तर त्यावरील व्होल्ट व टोकाची धन-ऋण बाजू पेटीवरील खुणेशी ताडून मगच पैसे द्या. आमच्या पेटीचे ते पान प्लास्टिकच्या पाकिटात घालून शेडच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवले आहे, आणि त्याखाली तात्यांनी लाल शाईने लिहून ठेवले आहे: बाहेर पडताना 'क्विट'.